बंदोबस्त

पुष्पराज चौकातून मोर्चा हलला तेव्हा साडेअकरा.
माझ्याकडं मोजायचं काम.
एका ओळीत चार, गुणिले ओळी,
ही साहेबांनी शिकवलेली रीत.
पण या बायका ओळीत चालतच नाहीत.
एकीच्या चपलेचा अंगठा तुटतो
आणि सहाजणी थांबून पिन शोधत बसतात.

तासगावच्या बेदाणा शेडवरच्या आल्यात, खाडा करून.
नजर अशी की
ढिगातला डागी मणी लांबून उचलतील.
हळद निवडणाऱ्यांनी पुठ्ठ्यांवर
नुसते पंजे उमटवलेत, पिवळे.
एकाच पुठ्ठ्यावर अक्षरं आहेत:
२४ आठवडे २ दिवस.

जतकडची पोर ती. नाव घ्यायचं नाही असं ठरलंय,
म्हणून सगळ्या तिला ‘दोन दिवस’ म्हणतात.
तिकडचे डॉक्टर म्हणाले, मिरजेला जा.
मिरजेत म्हणाले, कागद पुरे नाहीत.
कागद पुरे झाले तो शनिवार होता,
सोमवारी सुट्टी.
मंगळवारी कायदा म्हणाला,
उशीर केलास बाई.

विश्रामबागेत कुणीतरी ट्रॅफिक अडवल्याबद्दल शिवी दिली.
मी दंडुका वर केला. कुणाकडं, ते आठवत नाही.

भोंग्यावर शेवंता ऐवळे वाचत होती,
कलमावर बोट ठेवून, अडखळत:
सज्ञान बाईला नवऱ्याची सही
लागत नाही.
लागत नव्हतीच.

नऊ वर्षं.
खिडकीतून फॉर्म परत सरकवला होता माझ्याकडं,
‘मालकांना घेऊन या.’
मी वर्दीत होते. बक्कल नंबरसकट परत फिरले.
मालक आले नाहीत.
धाकटा आता तिसरीत आहे,
गणितात हुशार, झोपेत माझी ओढणी धरतो.
त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही माझं.
तो वेगळा हिशोब.
हा वेगळा.

विजयनगरला कलेक्टर कचेरीचं फाटक लावून घेतलं.
बायका उन्हात खाली बसल्या, डांबरावर पदर अंथरून.
एका म्हातारीनं माझी मूठ उघडून
त्यात बेदाणे ओतले.
ड्युटीवर घेऊ नये काही.
सगळे लांबट, हिरवे, देठ काढलेले.

वॉकीटॉकी खरखरला:
हाक्के, आकडा सांगा. अंदाजे.

तोंडात बेदाणा होता.
म्हटलं, साहेब,
अजून येतायत.