कशाच्या साठवर

क्लायपेदा बंदरात कंटेनर उघडला
की आधी वास येतो. समुद्राचा नाही,
कुणाच्या तरी सांडलेल्या कॉफीचा, कुत्र्याचा, ओल्या गालिच्याचा.
ही राखाडी स्टेशन वॅगन ओहायोची.
डावं मडगार्ड चेपलंय, बाकी धडधाकट.
विमेवाल्यांनी कागदावर मारली तिला,
लिलावात आम्ही ती जिवंत उचलली.

आता तिला इथली करायची.

मागचे दिवे आधी.
तिकडे वळतानाही लालच लुकलुकतं,
थांबणं नि वळणं एकाच रंगात उरकतात.
इथे वळायला नारिंगी लागतं.
तपासणीच्या खड्ड्याशी उभा येरोनिमास म्हणतो,
"वळतोयस की थांबतोयस, मागच्याला कळायला नको?
माझ्या संसारात नेमकं हेच राहून गेलं."

पुढचे दिवे.
तिकडचा उजेड सढळ हाताने सांडलेला,
समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांतसुद्धा.
इथल्याने डावीकडे मान खाली घालायची,
उजवीकडे जराशी उचलायची,
कडेने जाणारी सायकल दिसेल इतकीच.

शिवाय धुक्यासाठी मागे एक जादा दिवा.
"ओहायोत धुकं पडत नाही?" ऑरिमास विचारतो.
पोरगा नवा आहे, अजून प्रश्न पडतात.
पडत असेल रे.
कायद्यात पडत नाही.

रेडिओ विषम आकड्यांवरूनच उड्या मारतो,
आमचं स्टेशन नेमकं दोन उड्यांच्या मधे;
बातम्या येतात त्या तोंडात बोळा कोंबल्यासारख्या.
सन व्हायझरवर पिवळी चिठ्ठी: लहान मूल पुढे बसवू नका.
नखाने खरवडली, अर्धी तशीच राहिली.
मागच्या सीटच्या फटीत बटाट्याची वाळकी काडी,
आणि केसांची एक क्लिप, डाळिंबी.
ती मी टूलबॉक्सच्या झाकणात ठेवली.
का ते विचारू नका.

माझी स्काइस्ते नऊ वर्षं मिलवॉकीत.
काल फोनवर म्हणाली, "बाबा, आज वीस डिग्री."
मी म्हटलं, मजा आहे, खिडक्या उघडा.
ती हसेना.
मग भिंतीवरचा तक्ता पाहिला, माझ्याच हातचा, ग्रीस लागलेला:
बत्तीस वजा करा, पाचाने गुणा, नवाने भागा.
उणे सात.
तोवर तिने फोन ठेवला होता,
आणि मला इथे, हीटरशेजारी, हुडहुडी भरली.

उजव्या आरशाच्या काचेवर इंग्रजी ओळ कोरलेली:
दिसतंय त्याहून जवळ आहे.
ऑरिमासने ती वाचायला लावली, मी अर्थ सांगितला.
"बदलायची काच?"
नियमात नाही. चौदा युरो वाचले.

संध्याकाळी गाडी तपासणीला काढली.
दिवे झाले होते, मीटर तेवढा उद्यावर टाकलेला.
बंदराच्या रस्त्याला पाटी सत्तरची,
काटा साठवर, मी निवांत,
वाऱ्याला झाडं जरा जास्तच घाईत वाटली इतकंच.
चौकात एका पोलीसबाईने हात केला.
"किती वेगात होतात?"
साठवर, मी म्हणालो, बाई, तुमच्या पाटीच्या आत.
तिने मान आत घातली, मीटर पाहिला,
मग माझे काळे हात,
वीस वर्षांत हजारभर गाड्या इथल्या केलेले.

"साठ," ती म्हणाली. "कशाच्या?"