तिसऱ्या मात्रेच्या आधी

हिलोत, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत,
इवालानी काऊपूच्या गॅरेजात
एक वॉशिंग मशीन, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या,
आणि भिंतीला आडवा टांगलेला तिच्या नवऱ्याचा सर्फबोर्ड,
ज्यावर आता ती टॉवेल वाळत घालते.
दर गुरुवारी मी तिथे बसतो,
बत्तीस वर्षं बंदरात फोर्कलिफ्ट चालवलेली बोटं
चार नायलॉनच्या तारांवर
जपून ठेवत.

पहिल्या दिवशी वाजवून दाखवलं.
शेजारी म्हणतात, छान. डोरीन म्हणते, छान.
चर्चमध्ये तर टाळ्या पडल्या होत्या.
इवालानी काहीच म्हणाली नाही.
मशीनचं झाकण उघडून तिनं मोजे काढले,
जोड्या लावता लावता म्हणाली:
"अंगठा चांगला आहे तुझा. जड, पण भरवशाचा.
पहिलं बोट तारेला चिमटा काढतं, ते नको.
नुसतं टेकव आणि निघून जा,
झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करतात तसं.
आणि तिसऱ्या मात्रेच्या आधी तू पळतोस."

मी पळत नाही, म्हणालो.
तिनं फोन पुढे केला.
तिनं ते सगळं टिपून घेतलं होतं.

एक, दोन,
आणि जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या
कुणी एका उडीत उतरावं तसा
मी.
दर फेरीला. तिथेच.
सूर एकही चुकला नव्हता,
फक्त मी त्यात नव्हतो,
पुढच्या पडद्यावर जाऊन
स्वतःची वाट बघत उभा होतो.

"पुढच्या कॉर्डला भितोस तू," ती म्हणाली,
"करंगळी पोचेल की नाही, म्हणून.
नाही पोचली तर नाही पोचली.
चुकायचं तर वेळेवर चूक.
घरी जाऊन ठेका पन्नासवर लाव."

पन्नासच्या ठेक्यात
दोन टिकटिकींच्या मध्ये
अख्खा कंटेनर मागे घेऊन वळवता येईल एवढी जागा असते.
त्या जागेचं काय करायचं
मला कुणी शिकवलं नव्हतं.
बोटं शिवशिवायची.

एका रात्री जेवताना डोरीन काही सांगू लागली,
"आज लोरेटाचा फोन आला, तिचा गुडघा..."
आणि तिचं उरलेलं वाक्य माझ्या तोंडात तयार,
नेहमीसारखं, तिच्याआधी.
घासाबरोबर गिळलं.
मनात मोजलं, तीन, आणि, चार.
वाक्य भलतीकडेच गेलं.
गुडघा नव्हताच त्यात मुळी,
एकटेपणा होता, आणि एक मांजर.
एकोणतीस वर्षांत मी अशी
किती वाक्यं आधीच संपवली असतील,
ते मोजायला गेलो नाही.

सातव्या गुरुवारी इवालानीनं स्वतःची युकुलेली काढली,
कोआ लाकडाची, हात टेकून टेकून फिकट पडलेली.
"आज तू ऐक आणि सांग.
छान म्हणालास तर कॉफी मिळणार नाही."

तिनं वाजवलं.
अंगठा चालत होता घरच्या माणसासारखा,
न विचारता, न अडखळता.
वरचे सूर मात्र…
मी तोंड उघडलं. मिटलं.
चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, माझी गुरू,
आणि मी कोण?
ती वाट बघत होती. मोजे तसेच पडले होते.

"अनामिका उशिरा येते," म्हणालो.
"केसाएवढी. चढताना नाही,
फक्त उतरताना."

तिनं हात उलटा करून पाहिला,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.
"दोन वर्षं," ती म्हणाली.
"ऐकू सगळ्यांनाच येत असणार."

मशीन पिळायला लागलं, आपल्याच नादात,
सर्फबोर्डवरचा टॉवेल थरथरला.
मी विचारलं, कॉफी?
"नंतर," ती म्हणाली, खुर्ची पुढे ओढत.
"आधी ठेका लाव. पन्नास नको,
पंचेचाळीस."