हेल

ह्युएच्या दवाखान्यात डॉक्टर
आईला अक्षरं विचारतात.
मा : भूत.
मा, जरा दाबून : आई.
तेच घसरवून उचललं की थडगं.
एकही चुकत नाही.
डावा मेंदू शाबूत, म्हणतात;
शब्दांचे सूर तिथंच राहतात.

घरी ती म्हणते, "खुए, जेवलीस?"
हजेरी घेतल्यासारखं.
रागावलीय? की वाट बघून दमलीय?
पूर्वी एवढ्यावरून मला उंबऱ्यातच कळायचं
आत जावं, की नदीवर चक्कर मारून यावं.
उजवीकडच्या बोराएवढ्या डागात
तेवढा हेल गेला.

मी आता तिचे हात ऐकते.
डावा मांडीवर, पडलेला.
उजवा माशाचे काटे काढतो, वेळ लावून,
आणि मासा
माझ्या भातावर.