सत्तेचाळीस टक्के

दोरदोय बाजारात एकावर एक रचलेले कंटेनर,
खालच्या रांगेत माझं दुकान.
बाहेर उणे अठरा. आत एक हीटर,
तोही माझ्याच पायांपुरता.

बुरुलसुन आपांनी फोन
लोकरी मोज्यातून काढला. अजून कोमट होता.
"मंगळवारपासून उघडत नाही.
कंपनीचं नाव दाखवतो, विझतो, परत दाखवतो."

सगळं पुसलं तर पाच मिनिटांचं काम, मी म्हणालो.
त्यांनी फोन मोज्यात परत घालायला घेतला.
आत झानीबेकचा आवाज आहे,
नोवोसिबिर्स्कहून पाठवलेला.
एकशे बारा वेळा. मोजलंय त्यांनी.

मग दोन्ही बटणं दाबून धरली.
काळ्यावर चार पिवळ्या ओळी: म्हणजे धुगधुगी आहे.
पहिली केबल नुसती चार्जिंगची, फेकली.
दुसरी ढिली.
तिसरी बायकोची, तिला सांगू नका.
लॅपटॉपवर एक आज्ञा लिहिली, एंटर.

आकडा चढत गेला.
एकतीस. चाळीस. सत्तेचाळीस.
तिथेच थांबला,
आणि लॅपटॉप म्हणाला, झालं.

"अर्धंसुद्धा नाही!" आपा उठल्याच.
कसं सांगू, या यंत्राचा हिशेबच कच्चा,
पुरं झालेलंही बऱ्याचदा
सत्तेचाळिसावरच संपतं.

त्या परत बसल्या.
"तोही तसाच. फोन ठेवताना
वाक्य कधी पुरं करत नाही."

पहिल्यांदा उठायला सातेक मिनिटं घेतो.
हीटर तिकडे वळवला.
त्या मोजा उलटा करत, सुलटा करत
बसून राहिल्या.