सुपाचं तोंड

बत्तीस वर्षं शाळेत स्थिरचित्र शिकवलं:
पितळी तांब्या, दोन वांगी,
मागे चुण्या पडलेला पडदा, उजेड डावीकडून.
तांब्या घासला कुणी, ते कधी मनात आलं नाही.
घरूनच जायचा तो, पिशवीतून, वांग्यांसकट.
संध्याकाळी वांगी परत यायची
आणि त्यांची भाजी व्हायची.

आता निवृत्त.
मार्चची दुपार, चौबाऱ्यामागच्या गल्लीत लाईट गेलेली,
आणि महानंदा उंबऱ्याशी, उजेड मांडीवर घेऊन
तुरीची डाळ पाखडत बसलेली.
उरलेल्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर
मी फोर-बी टेकवली. म्हटलं, हलू नकोस.
“न हलता पाखडू कसं?”
तरी थांबली.

गुडघ्यापासून सुरुवात केली.
एक दुमडलेला, एक लांब सोडलेला.
सोडलेला दुखतो, हे मला रेषा ओढताना कळलं.
मग अंगठा. विळीच्या बारीक काळ्या चिरा.
इतक्या काढाव्या लागल्या
की तो बाकीच्या हातापेक्षा म्हातारा दिसू लागला.
मग सूप: बांबूची वीण, तळाला
मेथी घालून लिंपलेला कागदाचा लगदा.
पोत मला जमतो. तेवढं जमतं.

ती पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली.
“हे काय काढलालाव?
सुपाचं तोंड असं खाली धरलं
तर सगळी डाळ भुईवर जाईल की.
आन् माझे खडे कुठं गेले?”

खडे मला डाग वाटले होते.
रबरानं पुसून टाकले होते.

तिच्या गुडघ्याजवळ वाकून मोजले. सात.
त्यातला एक बांगडीचा तुकडा निघाला, हिरवा.
सातही काढले, सावलीसकट.
सुपाचं मात्र काही करता आलं नाही,
खोडून खोडून कागदाला तिथं लव आली होती.
डाळ तशीच राहिली,
सांडायच्या बेतात.

रात्री वरणात कचकन खडा लागला.
या घरात, चाळीस वर्षांत, पहिल्यांदा.
महानंदानं वर पाहिलं.
हलू नकोस म्हणालो, तेव्हाच सुटला असणार.
ती काही बोलली नाही, भाकरी वाढली.

ताटाच्या कडेला ठेवलेला तो खडा
हात धुताना धुऊन घेतला
आणि बघून बघून काढला, आठवा.
जागा खाली कोपऱ्यातच उरली होती,
सहीपुरती.