डावा कान : अकरा

उदगीरच्या चौबाऱ्याजवळचं दुकान आप्पांनी
चार वर्षांपूर्वी बंद केलं.
घड्याळ आता दुरुस्तीला कोण आणतंय.
भिंग, चिमटे, स्क्रूड्रायव्हरची डबी
पितळी कडीच्या पेटीत गेली
आणि आप्पा ओसरीवर बसू लागले,
हात मांडीवर, उताणे.

पहाटे साडेचारला भुंकतो म्हणून कुत्र्याचं नाव गजर.
श्रावणात तो रात्रभर खाजवू लागला.
मी कानाची पाळी उलटी केली आणि हात मागे घेतला.
भिजलेल्या तुरीएवढ्या, करड्या, टम्म.
महानंदाबाईंनी घासलेट सुचवलं,
त्यांच्या जाऊबाईंनी सिताफळाच्या बियांची पूड.
"पूड डोळ्यात गेली की डोळा जातो," आप्पा म्हणाले.
कितीतरी दिवसांनी एवढं लांब वाक्य.

जनावरांच्या दवाखान्यात सय्यद मॅडमनी
गजरच्या हिरड्या बघितल्या. पांढुरक्या.
"टिक फीव्हर असेल, रक्त तपासू."
आप्पा हसले : "जन्मभर टिकटिकच ऐकली,
तिचा ताप आता चढायलाय."
वजन करून मॅडमनी मानेवर घालायचं औषध दिलं,
मांजरीला ते चुकूनही लावायचं नाही म्हणाल्या,
आणि अंगावर दिसतात त्या गोचिडी थोड्याच,
बाकीचं बिऱ्हाड तुमच्या भिंतीत आहे.

होतंच.
शहाबादीच्या सांध्यात, चौकटीमागे,
बाजेच्या सुंभात, कॅलेंडरच्या पाठीला.
तिळाएवढी पिल्लं भिंत चढत होती
निवांत, जणू घरपट्टी तीच भरतात.
वाकळ उकळत्या पाण्यात. बाज उन्हात.
फटींत सिमेंट, वरून चुना.
फवारणीच्या दिवशी गजर आणि मी लिंबाखाली,
मनी दोन रात्री महानंदाबाईंकडे.
पंधरा दिवसांनी परत सगळं तेच.
मी वैतागले.
"एकदा केलं आन् झालं, असं नसतंय," आप्पा म्हणाले.
"चावी रोज द्यावी लागती."

त्या दिवशी त्यांनी पेटी उघडली.
भिंग डोळ्याला. सगळ्यात बारीक चिमटा.
कातडीला लागून धरायचं,
पिळायचं नाही, सरळ वर,
तोंड आत राहता कामा नये.
बालकमानी काढताना धरायचे
तसा श्वास धरलेला.
मग स्पिरिटच्या बाटलीत, टप्.
गजर, जो नखं कापताना वाडा डोक्यावर घेतो,
हललासुद्धा नाही.

वही तीच, गिऱ्हाइकांची. शेवटची नोंद :
"पुंडे गुरुजी. एचएमटी. बॅलन्स तुटला. न्यायला आले नाहीत."
तिच्याखाली, त्याच वळणदार अक्षरात :
"गजर. डावा कान : अकरा. उजवा : सात.
पुढच्या पायाच्या बोटांत : चार."

आकडे उतरत गेले. मध्येच एकदा चढले,
शेळ्यांच्या बाजारातून तो उनाडून आला त्या शनिवारी.
दिवाळीच्या आधी एका पानावर
नुसतंच लिहिलेलं : निरंक.

दुसऱ्या संध्याकाळी तरीही
आप्पा भिंग लावून ओसरीवर.
गजर आला, कान त्यांच्या तळव्यावर ठेवून पडला.
"आता काय बघायलात?" मी विचारलं.
उत्तर नाही.
चिमटा खाली ठेवला, वाकले,
गजरच्या बरगड्यांना कान लावला,
बराच वेळ.
"थोडं पुढं पळायलंय," म्हणाले,
आणि वहीत काही लिहिलं नाही.