तिकडे अजून काल

एवारिस्तो सर पराग्वेचे.
खडकीच्या मैदानावर साडेपाचला येतात,
कारखान्याच्या भोंग्याआधी,
आणि आईला फोन लावतात;
तिकडे अजून काल असतो.

त्या कालमध्ये एका मोसमातले सतरा गोल आहेत,
मग गुडघा.
मग पुण्यातला एक क्लब, दोन वर्षांत बुडाला.
परतीचं तिकीट राहूनच गेलं.

मराठी तीनच शब्द: बघ. थांब. आता.
केदारीला तेवढ्यात ऑफसाइडसुद्धा कळलं.

परवा त्याचा पास चुकला,
बॉल घरंगळत सरांपाशी.
आम्ही गप्प.
त्यांनी डाव्या पायाने थोपवला,
तळव्याखाली धरून ठेवला जरा वेळ,
झोपलेल्या मांजरावर हात ठेवावा तसा,
मग उजव्याने परत दिला,
अगदी साधा.

भोंगा वाजला.
म्हणाले, "आता."